कडुनिंबाचे तेल पंपात ओतण्याआधी

बटला (मटार), कोथिंबीर किंवा गिलकीच्या (घोसाळ्याच्या) वेलावर भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी पिठासारखी बुरशी, दिसली की आमच्या दुकानात तेल न्यायला गर्दी होते. आणि दर हिवाळ्यात काही जण परत येतात, "तुमच्या तेलानं पानं जळली" म्हणत. विचारपूस केली की बहुधा एकच निघते: तेल थेट पंपातल्या पाण्यात ओतलेले असते.

तेल पाण्यावर तरंगते आणि पंप ओढतो तळातून. मग पहिल्या ओळींवर नुसते पाणी पडते, टाकी संपत आली की शेवटच्या ओळींवर जवळजवळ निव्वळ तेल. एका टोकाला भुरी तशीच, दुसऱ्या टोकाला पाने करपलेली.

15 लिटरच्या पंपाला 75 मिली तेल पुरते. ते आधी मगात घ्या, रिठ्याचा द्राव घालून फेटा, मग थोडे थोडे कोमट पाणी घाला. ताकासारखे पांढरे झाले की पंपात ओता. वर तवंग दिसला तर अजून फेटायला हवे. फवारताना पंप मधूनमधून हलवा. उरलेले दुसऱ्या दिवशी वापरू नका.

साबण चालत नाही का? नर्मदेच्या नळाच्या पाण्यात चालतो. बोअरच्या जड पाण्यात तो फाटतो, नोझल तुंबते. रिठ्याचे तसे होत नाही, म्हणून आम्ही तो तेलासोबत सुचवतो. त्याचे पैसे वेगळे लागतात ही कुरकुर ऐकून आहोत. तेलातच मिसळून देता आले असते, पण मग बाटलीत तेल किती नि बाकी काय, हे तुम्हाला कळले नसते.

थंडीत तेल थिजते, ती भेसळ नव्हे. बाटली कोमट पाण्यात ठेवा. गॅसवर कृपया नको.

फवारणी ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूनेही. गंधक मारले असेल तर दोन आठवडे थांबा, नाहीतर पाने खरोखरच जळतील. आणि पहिले ठिपके दिसताच या. पांढरे पडलेले पान तेलाने पुन्हा हिरवे होत नाही, पुढचा फैलाव तेवढा आटोक्यात राहतो. मर रोग मुळांतून येतो, त्याला ही फवारणी लागू नाही. सोयाबीनचा पिवळा मोझॅक तर बुरशीच नव्हे, विषाणू आहे.

फवारायचा लसणाचा अर्क मात्र आम्ही तयार ठेवत नाही. लसूण ठेचल्यावर जे अ‍ॅलिसिन (उग्र वासाचे द्रव्य) तयार होते ते फार टिकत नाही, आणि अख्ख्या पाकळ्या उकळल्या तर तयारच होत नाही. सकाळी सांगा, संध्याकाळी ताजा न्या. तेल कसे फेटायचे तेही तेव्हाच काउंटरवर करून दाखवू.