डेबियनचं सदस्यत्व: अर्ज कुठे अडतो आणि का

डेबियन ही १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स प्रणाली. तिथे ‘डेबियन डेव्हलपर’ म्हणून मान्यता मिळाली की पॅकेज, म्हणजे डेबियनसाठी बांधून तयार केलेलं सॉफ्टवेअर, थेट अपलोड करता येतं, प्रकल्पाच्या निवडणुकीत मत देता येतं आणि डेबियनचा ईमेल पत्ता मिळतो. यात पगार नाही आणि फीही नाही. पदवीचं प्रमाणपत्र कोणी विचारत नाही. तरीही चांगलं काम केलेल्या माणसांचे अर्ज महिनोन् महिने पडून राहतात, कारण जीपीजी कीवर, म्हणजे आपली ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्लीवर, लागणाऱ्या इतर डेव्हलपरच्या सह्या त्यांच्याकडे नसतात. म्हणून कामाला लागतानाच या कीची, पुढे तिला किल्लीच म्हणू, सोय करायला घ्या. ती शेवटी करायची गोष्ट नाही.

अर्ज कोणत्या दर्जासाठी करायचा, इथेच पहिली चूक होते. ‘डेबियन मेंटेनर’ला नेमून दिलेली पॅकेजेसच अपलोड करता येतात आणि मताचा हक्क नसतो. त्याला एका डेव्हलपरची किल्लीवर सही पुरते. ‘डेबियन डेव्हलपर’ला निदान दोन सह्या लागतात. डेव्हलपरमध्येच अपलोडचा हक्क नसलेला आणखी एक प्रकार २०१० पासून आहे. भाषांतर करणारे, दस्तऐवज लिहिणारे, कार्यक्रम भरवणारे यांच्यासाठी तो आहे. त्यात मतही आहे आणि ईमेलही. मराठी भाषांतराचं काम वर्षानुवर्षं करणाऱ्या माणसाने ‘मला पॅकेजिंग येत नाही’ म्हणून मागे राहू नये. त्याच्यासाठी हे दार मुद्दाम ठेवलेलं आहे.

अपलोडचा हक्क हवा असेल तर आधी साधारण सहा महिने मेंटेनर म्हणून काम केलेलं असावं, अशी अपेक्षा असते. हे सहा महिने पहिलं पॅकेज दाखल केल्याच्या दिवसापासून मोजायचे नाहीत. मेंटेनरचा दर्जा मिळाला त्या दिवसापासून मोजायचे. इथे गफलत झाली की अर्ज ‘अजून थोडं थांबा’ म्हणून परत येतो, आणि माणूस विनाकारण खट्टू होतो.

आता किल्ली. आरएसए ४०९६ बिटची किंवा ईडी२५५१९ प्रकारची बनवा. तिच्यासोबत एन्क्रिप्शनची उपकिल्ली असायलाच हवी. जुन्या १०२४ बिटच्या किल्ल्या डेबियनने २०१५ च्या सुरुवातीलाच काढून टाकल्या आहेत, तेव्हा कॉलेजच्या जुन्या नोट्स बघून बनवू नका. किल्लीवर जे नाव घालाल ते पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणेच घाला. संदीप हे नाव इंग्रजीत कोणी दोन ‘ई’ने लिहितं, कोणी एका ‘आय’ने. किल्लीवर एक आणि पासपोर्टवर दुसरं असेल, तर काटेकोर डेव्हलपर सही करत नाही, आणि ते बरोबरच आहे. वडिलांचं नाव पासपोर्टवर आहे आणि किल्लीवर नाही, एवढा फरक बहुतेकांना चालतो. लग्नानंतर आडनाव बदललं असेल आणि पासपोर्ट जुन्याच नावाचा असेल, तर आधी ठरवा की पुढे कोणतं नाव वापरायचं. किल्लीवरच्या नाव आणि ईमेल पत्त्याच्या प्रत्येक जोडीवर वेगळी सही होते.

सही म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. दुसरा डेव्हलपर तुम्हाला समोरासमोर भेटतो, तुमचं ओळखपत्र बघतो आणि किल्लीचा ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट, तुमच्या हातून घेतो. हा ठसा चाळीस आकडे-अक्षरांचा असतो, चार-चारच्या दहा गटांत छापलेला. घरून निघताना त्याच्या कागदी पट्ट्या छापून न्या. एकेका पट्टीवर नाव, ईमेल आणि ठसा, अशा दहा-बारा पट्ट्या एका पानात बसतात. साइनिंग-पार्टी नावाच्या पॅकेजमध्ये त्यासाठी तयार साधन आहे. समोरचा माणूस पट्टीवर दोन खुणा करतो: ठसा मिळाला, ओळखपत्र पाहिलं. सही तिथे होत नाही. ती तो घरी जाऊन, स्वतःच्या संगणकावर करतो. म्हणून मोबाइलवरचा स्क्रीनशॉट दाखवून काम भागेल असं समजू नका. पट्टी त्याच्या खिशात गेली पाहिजे.

ओळखपत्र हा सगळ्यात चिवट मुद्दा. आधार कार्ड परदेशी डेव्हलपरच्या उपयोगाचं नाही, कारण ते खरं की खोटं हे त्याला ओळखता येत नाही. पासपोर्ट त्याला ओळखता येतो. भारतीय डेव्हलपर वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र मान्य करेलही, पण तो त्याचा निर्णय. देशाच्या पासपोर्टच्या पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात, आणि नाशिकच्या कित्येक घरांत एकही पासपोर्ट नसतो. परदेशी जायचं नसलं तरी या कामापुरता तो काढून ठेवा. पोलीस पडताळणीला लागणारा वेळ आधीच हिशेबात धरा.

डेव्हलपर कुठे भेटणार? डेबियनच्या विकीवर सही द्यायला तयार असलेल्यांची शहरवार यादी आहे. आधी तिथे बघा. नाशिकसारख्या शहरातून मुंबई किंवा पुणे गाठावं लागेल असंच धरून चला. आधी पत्र टाका, दोघांना एकाच दिवशी गाठायचं ठरवा. नाशिकहून मुंबईला सकाळी पंचवटी एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. एकाच घरातल्या किंवा एकाच ऑफिसातल्या दोघांच्या सह्या चालतात, पण वेगवेगळ्या वर्तुळांतल्या असतील तर जास्त बऱ्या. दुसरी वाट म्हणजे परिषद. डेबकॉन्फ ही जागतिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीत झाली. अशा ठिकाणी एका दुपारी दोन काय, वीस सह्या होतात. वर्षानुवर्षं सोबत काम केलेला सदस्य न भेटताही ‘ही किल्ली याच माणसाची’ असं एंडोर्समेंट देऊ शकतो. पण ती अडलेल्यांसाठीची सोय आहे. तिच्या भरवशावर प्रवास टाळू नका.

भेट होऊनही काम बिघडतं ते यापुढे. सही केलेली किल्ली तुम्हाला बहुधा ईमेलने, एन्क्रिप्ट होऊन, प्रत्येक पत्त्यावर वेगळी येते. ती उघडून आपल्या किल्लीत आयात करायची आणि मग की-सर्व्हरवर, म्हणजे किल्ल्या सगळ्यांना मिळतील अशा सार्वजनिक सर्व्हरवर, चढवायची. हे दोन्ही तुमचंच काम, पण बरेच जण पहिल्यावरच थांबतात. शिवाय कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग हा सर्व्हर इतरांच्या सह्या पुढे देतच नाही. तिथे किल्ली चढवून ‘माझ्या सह्या दिसत का नाहीत’ म्हणून डोकं धरून बसू नका. उबुंटूच्या की-सर्व्हरवर चढवा. २०१९ पासूनचं जीपीजी हे सॉफ्टवेअरसुद्धा सर्व्हरवरून किल्ली घेताना दुसऱ्यांच्या सह्या वगळतं, त्यामुळे तुमच्या संगणकावर त्या दिसल्या नाहीत म्हणजे गेल्या असं नाही. जुन्या मार्गदर्शकांत एसकेएस नावाच्या की-सर्व्हरांच्या जाळ्याचा पत्ता असतो, तो २०२१ मध्ये बंद झाला. डेबियनचा कोड ठेवण्याच्या अलिओथ या जुन्या साइटचं नाव आलं तर ते पान सरळ सोडून द्या, ती साइट २०१८ मध्येच गेली आणि तिच्या जागी साल्सा आली. माहिती इतकी विखुरलेली ठेवून नवख्याकडून अचूकतेची अपेक्षा करायची, हे डेबियनने आता सुधारायला हवं.

प्रत्यक्ष अर्ज सोपा आहे. साल्साच्या खात्याने नवसदस्यांच्या साइटवर लॉगिन करा, आपला हेतू सांगणारं निवेदन द्या, डेबियनचा सामाजिक करार, मुक्त सॉफ्टवेअरची तत्त्वं आणि प्रकल्पाची यंत्रं वापरण्याचे नियम मान्य असल्याचं निवेदन द्या. दोन्ही निवेदनं किल्लीने क्लिअरसाइन करायची असतात, म्हणजे मजकूर वाचता येईल असाच ठेवून त्याला डिजिटल सही जोडायची. वरच्या ‘बिगिन’च्या ओळीपासून शेवटच्या ‘एंड’पर्यंत सगळा मजकूर चिकटवा. सही केल्यावर एक स्वल्पविराम बदलला तरी पडताळणी फसते.

मग शिफारस. तुमचं काम पाहिलेला डेव्हलपर ती लिहितो, आणि त्यालाही ती सही करूनच द्यावी लागते. ‘मुलगा हुशार आहे’ अशा शिफारशीला वजन नाही. कोणतं पॅकेज, कोणते बग, किती काळ, हे त्यात यायला हवं. तुमची पॅकेजेस अपलोड करून देणाऱ्या स्पॉन्सरलाच विचारा, आणि आपल्या कामाची यादी त्याला स्वतःहून पाठवा. एकच सावधगिरी: सगळं काम एकाच ईमेल पत्त्याने करा. कॉलेजच्या पत्त्यावरून केलेले बग रिपोर्ट, पुढे तो पत्ता बंद झाला की तुमचे म्हणून दाखवणं अवघड जातं.

डेव्हलपरच्या अर्जाला पुढे एक अर्ज-व्यवस्थापक नेमला जातो. तो तत्त्वं आणि कार्यपद्धतीवर प्रश्न पाठवतो, अपलोडच्या हक्कासाठी तांत्रिक प्रश्नही. उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहा, तुटक इंग्रजी चालतं. वेळ लागणार असेल तर दोन ओळींचं पत्र टाका. गप्प बसलात तर अर्ज थांबवून ठेवतात. उलट बाजूनेही आठवडेच्या आठवडे शांतता असते. ती माणसंही नोकरी सांभाळून हे करतात. तरी महिनाभर काहीच आलं नाही तर फ्रंट डेस्कला, म्हणजे नवसदस्यांचे अर्ज सांभाळणाऱ्या गटाला, सौम्य शब्दांत विचारा, त्यात गैर काही नाही.

मान्यता मिळाल्यावर किल्लीच्या मुदतीकडे लक्ष ठेवा. मुदत वाढवून ती डेबियनच्या स्वतःच्या की-सर्व्हरवर पाठवावी लागते, आणि तिथला संग्रह साधारण महिन्यातून एकदाच अद्ययावत होतो. म्हणजे ३० तारखेला संपणारी किल्ली २८ला वाढवली तर मधले दिवस अपलोड नाकारले जातात. दोन महिने आधी वाढवा. किल्लीची एक प्रत आणि ती रद्द करण्याचं प्रमाणपत्र लॅपटॉपबाहेर, पेनड्राइव्हवर ठेवा. डिस्क गेली आणि प्रत नसली, तर नवी किल्ली बनवून तिच्यावर पुन्हा दोन डेव्हलपरच्या सह्या आणाव्या लागतात.