भाताचा विजेचा कुकर: घ्यावा की राहू द्यावा?

राइस कुकर विकणं हा आमच्या धंद्याचा भाग आहे, तसं दुरुस्त करणंही. दुरुस्तीला येणाऱ्या कुकरपैकी बरेच बिघडलेले नसतातच. भात अर्धा कच्चा राहतो, तळाला लागतो, पाणी उतू जातं अशा तक्रारी असतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच: कुकर काय करतो आणि काय करत नाही, हे घेताना कोणी नीट सांगितलेलं नसतं. ते इथे सांगतो. वाचून तुमचा बेत रद्द झाला तरी आमची हरकत नाही.

वेळ वाचतो का?

फारसा नाही. साध्या कुकरला पांढऱ्या भातासाठी 20 ते 30 मिनिटं लागतात, आणि खटका पडल्यावर झाकण न उघडता आणखी 10 मिनिटं भात मुरू द्यावा लागतो. चिपवर चालणाऱ्या महागड्या कुकरला तर 40 ते 60 मिनिटं लागतात, कारण भिजवणं आणि शेवटचं वाफवणं हे टप्पेही तो त्यातच धरतो. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी 120 अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं, त्यामुळे तिथे भात लवकर होतो आणि वरच्या डब्यात दुसरं काहीतरी शिजूनही निघतं.

इथे वाचतं ते लक्ष. खटका दाबला की शिट्ट्या मोजायच्या नाहीत, गॅस बारीक करायचा नाही, करपेल म्हणून धावायचं नाही. आंघोळीला गेलात, फोनवर अडकलात, बाळाला झोपवायला बसलात, तरी भात आपला आपण होऊन गरम राहतो. खोलीत गॅस नसलेले विद्यार्थी, एकटे राहणारे वृद्ध, कामावरून थकून येणारी माणसं यांना ही सोय मोठी वाटते. स्वयंपाकघरात कोणीतरी असतंच, अशा घरात तिची किंमत बरीच कमी.

खटका कसा पडतो, हे एकदा समजून घ्या

साध्या कुकरमध्ये घड्याळ नसतं आणि वजनकाटाही नसतो. भांड्याच्या खाली, तापणाऱ्या तबकडीच्या मध्यभागी, स्प्रिंगवर बसवलेली एक गोल टिकली असते. तिच्यात चुंबकाची जोडणी असते आणि ती खटका खाली धरून ठेवते. भांड्यात पाणी आहे तोवर तळाचं तापमान 100 अंशांच्या आसपासच राहतं. जास्तीची उष्णता वाफ होण्यात खर्च होते. पाणी तांदळाने पिऊन टाकलं की तळ झपाट्याने तापू लागतो. साधारण 103 अंशांवर त्या टिकलीतल्या धातूचं चुंबकत्व ओसरतं, स्प्रिंग सुटते आणि खटका उडतो.

म्हणजे भात शिजला हे कुकरला कधीच कळत नाही. त्याला कळतं ते पाणी संपल्याचं. पाणी कमी घातलंत तर तांदूळ कच्चा असतानाच तो बंद होणार, जास्त घातलंत तर लगदा होईपर्यंत शिजवत राहणार.

ही युक्ती जुनीच. 1955 मध्ये जपानमध्ये तोशिबा कंपनीने पहिला यशस्वी स्वयंचलित कुकर बाजारात आणला, तेव्हा त्यात दोन भांडी होती. बाहेरच्या भांड्यातलं मोजकं पाणी सुमारे 20 मिनिटांत वाफ होऊन जाई, मग तापमान चढून वीज तुटे. तो घडवणारे योशितादा मिनामी यांच्या पत्नी फुमिको यांनी भात शिजवून पाहण्याचे असंख्य प्रयोग केले होते. आमच्या मते खरं श्रेय त्यांचंच.

टिकलीचं हे काम लक्षात आलं की निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. भांड्याच्या बुडाखाली तांदळाचा एक दाणा जरी अडकला, तरी भांडं तबकडीवर नीट टेकत नाही. उष्णता एका बाजूलाच पोचते आणि खटकाही भलत्या वेळी पडतो. म्हणून भांडं बाहेरून कोरडं पुसूनच आत ठेवा आणि ठेवल्यावर डावी-उजवीकडे थोडं फिरवा. खटका पडल्यावर तो पुन्हा पुन्हा दाबून धरू नका. वीज गेली तर साध्या कुकरचा खटका खालीच राहतो, त्यामुळे वीज आल्यावर काम पुढे सुरू होतं. चिपवाल्या कुकरमध्ये तसं होईलच असं नाही, तेव्हा वरचेवर वीज जात असेल तर साधाच घ्या.

उंच डोंगराळ भागात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. समुद्रसपाटीपासून 3000 मीटरवर पाणी साधारण 90 अंशांनाच उकळतं. तिथे साध्या राइस कुकरमध्ये भात शिजायला जास्त वेळ आणि जास्त पाणी लागतं. अशा ठिकाणी आम्ही प्रेशर कुकरच सुचवतो.

केवढा घ्यायचा?

इथे लोक हमखास फसतात. सोबत येणारा मापाचा कप सहसा 180 मिलीलिटरचा असतो, त्यात साधारण 150 ग्रॅम तांदूळ मावतात. भांड्याच्या आतल्या रेघा त्याच कपाच्या हिशोबाने आखलेल्या असतात. तो कप हरवून घरातल्या मोठ्या कपाने तांदूळ घेतले आणि पाणी मात्र रेघेपर्यंत भरलं, तर भात कच्चा राहणारच.

शिवाय खोक्यावरचा लिटरचा आकडा सगळ्यांचा सारखा नसतो. काही कंपन्या कच्च्या तांदळाचं माप लिहितात, काही शिजलेल्या भाताचं, आणि शिजल्यावर भात जवळजवळ तिप्पट होतो. म्हणून लिटर विचारू नका, ‘कच्च्या तांदळाचे किती कप?’ असं विचारा.

पाहुण्यांचा विचार करून मोठा कुकर घेऊ नका. दहा कपांच्या भांड्यात एकच कप तांदूळ टाकला तर पातळ थर पसरतो, पाणी भराभर आटतं आणि बुडाला कडक पापडी धरते. क्षमतेच्या एक तृतीयांशाहून कमी तांदूळ रोज लावायचे असतील, तर तो कुकर तुमच्यासाठी मोठा आहे. दोघांच्या घराला तीन कपांचा पुरतो.

वीज आणि गरम ठेवण्याची सोय

700 वॅटचा कुकर अर्धा तास पूर्ण जोरात चालला तरी 0.35 युनिट वीज खातो. तो ‘वॉर्म’वर असताना साधारण 40 वॅट घेतो, नऊ तास तसाच राहिला तर 0.36 युनिट, म्हणजे एक भात शिजवण्याइतकी वीज. जेवण झालं की प्लग काढा.

भात कोमट अवस्थेत पडून राहणं मात्र विजेपेक्षा गंभीर. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. 5 ते 60 अंशांच्या दरम्यान ते वाढू लागतात आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. ‘वॉर्म’ चालू असेल तर भात 60 अंशांच्या वर राहतो. वॉर्म बंद करून झाकणाखाली रात्रभर ठेवलेला भात मात्र खाऊ नका. उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर थंड करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. टायमर लावून तांदूळ दिवसभर पाण्यात भिजत ठेवणंही उन्हाळ्यात टाळलेलं बरं.

कोणी घेऊ नये

पेज काढून, पाणी गाळून भात करणाऱ्यांनी हा कुकर घेऊ नये. यात सगळं पाणी भातातच मुरतं. (वेगळी चाळणी असलेले काही कुकर मिळतात, पण त्यांचा आतला भाग धुणं कटकटीचं.) आठवड्यातून एखाद्या दिवशीच भात होत असेल, ओटा आधीच भरलेला असेल, प्रेशर कुकरवर हात बसलेला असेल, तर पैसे दुसरीकडे लावा. कुकरमध्ये केल्याने भातातलं पिष्ट कमी होत नाही, त्यामुळे मधुमेहासाठी म्हणून तो घेण्याचंही कारण नाही.

घेताना काय पाहाल

आतलं भांडं हातात घ्या. जाड आणि वजनदार भांड्यात उष्णता सारखी पसरते. लेप असेल तर घरी लाकडी किंवा सिलिकॉनचा चमचाच वापरा, तारेची घासणी नको. सुटं भांडं नंतर वेगळं मिळतं का, हे आधीच विचारा. वायर सुटी होणारी असावी, प्लग अर्थिंगसह तीन पिनांचा असावा. परदेशातून कोणी कुकर आणून देणार असेल तर त्यावरचे व्होल्ट वाचा: जपानमध्ये 100, अमेरिकेत 120, पुष्कळ देशांत 230. कमी व्होल्टचा कुकर 230 वर लावला तर तो लगेच जळतो, आणि असा जळलेला कुकर आम्ही दुरुस्तीला घेत नाही.