घरच्या भिंतीवरचा किरणोत्सव

9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, या दिवसांत संध्याकाळी अख्ख्या कोल्हापूरचं लक्ष अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वाराकडे असतं. मावळतीची किरणं गाभाऱ्यात देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात; पहिल्या दिवशी चरण, मग छाती, मग मुख. या किरणोत्सवाला चमत्कार म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी कॅलेंडर काढून दिवस मोजावेत. 10 नोव्हेंबरपासून 22 डिसेंबरपर्यंत, म्हणजे सूर्य सर्वात दक्षिणेला मावळतो त्या दिवसापर्यंत, 42 दिवस, तिथून 1 फेब्रुवारीपर्यंत 41. दक्षिणेकडे जाताना एकदा आणि परतताना एकदा, सूर्य त्याच जागी मावळतो: पश्चिमेच्या साधारण 18 अंश दक्षिणेला. ही जागा रोज पाव अंशाहून थोडीच जास्त सरकते, म्हणून सोहळा मोजक्या दिवसांचा. ज्यांनी आकाश बघून देवळाची ही दिशा साधली, त्यांच्या निरीक्षणाचं श्रेय चमत्काराला देऊन टाकणं मला तरी पटत नाही.

तोच सूर्य घरच्या भिंतीवर उतरवता येतो, तोही वर्षभर. फोटो फ्रेमवाल्याकडे आरशाचे उरलेले तुकडे असतात. त्यातला 2 सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा घ्या, कडा पॉलिश पेपरनं घासा. काळ्या कार्डपेपरला ऑफिसच्या पंचिंग मशीननं भोक पाडा (ते साधारण 6 मिलिमीटरचं असतं) आणि भोक मधोमध येईल असा तो कागद आरशावर चिकटवा. प्लास्टिकच्या चेंडूत कोरडी वाळू गच्च भरून तोंड एम-सीलनं बुजवा, आरसा चेंडूवर चिकटवा आणि चेंडू चुंबळीवर ठेवा. आता तो हवा तसा फिरतो आणि सोडला की तिथंच थांबतो. वाळू कमी भरली तर वाऱ्यानं हलतो. आरसा 1 अंश कलला तर किरण 2 अंश वळतो, म्हणजे 10 मीटरवर कवडसा 35 सेंटिमीटर उडतो.

चेंडू उन्हात गच्चीच्या कठड्यावर किंवा अंगणात ठेवायचा आणि कवडसा दारातून अंधाऱ्या खोलीत सोडायचा. अंतर 10 मीटर असेल तर भिंतीवर 9 सेंटिमीटरच्या आसपास गोल तबकडी उमटेल. ती अंडाकृती दिसली तर किरण भिंतीवर तिरका पडतोय. आरशात मात्र कुणीही डोकावायचं नाही. ते थेट सूर्याकडे बघण्यासारखंच आहे.

आता खरी गंमत. भोक त्रिकोणी कापा, बाजू 2 सेंटिमीटर. अर्ध्या मीटरवर पुठ्ठा धरला तर त्रिकोण दिसतो. पुठ्ठा मागे मागे नेत गेलं की कोपरे विरघळतात आणि 10 मीटरवर जवळजवळ गोल तबकडी! त्रिकोणातून गोल आला कुठून?

भोकाचा प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे सूर्याचं एक अख्खं चित्र भिंतीवर टाकत असतो. सूर्य आपल्याला अर्ध्या अंशाएवढा दिसतो, त्यामुळे या चित्राचा व्यास अंतराच्या साधारण 107 व्या भागाएवढा असतो आणि अंतराबरोबर वाढत जातो. भोकाचा आकार मात्र वाढत नाही. जवळ सूर्याचं चित्र इवलंसं, त्यामुळे ती सगळी चित्रं मिळून त्रिकोणच भरतात. दोन मीटरच्या सुमारास दोन्ही बरोबरीला येतात आणि पुढे सूर्य जिंकतो. रंकाळा तलावाच्या काठी दाट झाडाखाली पडणारे कवडसे गोल असतात ते याच कारणानं. पानांमधल्या फटी कुठे गोल असतात?

मग भोक जितकं बारीक तितकं चित्र रेखीव? एका मर्यादेपर्यंतच. 10 मीटरवर 4-5 मिलिमीटरच्या खाली गेलं की विवर्तनामुळे (बारीक भोकातून जाताना प्रकाश थोडा पसरतो, त्यामुळे) कडा पुन्हा पसरतात, आणि उजेड तर भोकाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: व्यास निम्मा केला तर उजेड पाव.

भिंतीवर सरकण्याच्या दिशेला आडवी छेद देणारी पेन्सिलची रेघ मारा. तबकडीची पुढची कड रेघेला टेकल्यापासून मागची कड सुटेपर्यंत वेळ मोजा. सव्वादोन मिनिटांच्या आसपास भरते. पृथ्वी 4 मिनिटांत 1 अंश फिरते, म्हणून अर्ध्या अंशाला 2 मिनिटं. वरचे काही सेकंद भोकाच्या रुंदीचे आणि ऋतूचे. अंतर दुप्पट केलं तरी वेळ जवळपास तोच, कारण तबकडीही दुप्पट होते आणि तिचा वेगही.

20 मीटर अंतर मिळालं तर सूर्यावरचे मोठे डाग करडे ठिपके म्हणून दिसू शकतात. ठिपका तबकडीबरोबर सरकला तर तो सूर्यावरचा, जागेवर राहिला तर भिंतीचा. आरशावरच्या धुळीची शंका नको. धूळ वेगळी उमटत नाही, सगळी तबकडीच किंचित फिकी करते.

2 ऑगस्ट 2027 ला दुपारनंतर कोल्हापुरातून खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ग्रहणात गरोदर बाईला अंधारात कोंडण्यापेक्षा तिलाही या भिंतीसमोर खुर्ची द्यावी. भिंतीवरच्या कवडशानं ना तिला काही होतं, ना बाळाला. दिवस पावसाचे, तेव्हा चेंडू आधीच तयार हवा. सूर्य पश्चिमेला कललेला असेल, म्हणून त्या बाजूचं आभाळ मोकळं दिसेल अशी जागा आत्ताच हेरून ठेवा. ढग पाच मिनिटं जरी फाटले तरी चावा घेतलेली भाकरी भिंतीवर दिसेल.