पांढरा साका आणि आकडीची कॅप्सूल

बी. फार्म.च्या चौथ्या सेमिस्टरला औषधी रसायनशास्त्राचा पहिला पेपर येतो आणि त्याच्या प्रात्यक्षिकांत फेनिटॉइन तयार करायचे असते. आकडी किंवा फिट येणाऱ्या रुग्णांना दिले जाणारे हे जुने औषध आहे आणि ज्या घरात अपस्माराचा रुग्ण आहे, तिथे हे नाव सर्वांना ठाऊक असते. बेन्झिलचे पिवळे स्फटिक, युरिया, सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण आणि अल्कोहोल एवढे साहित्य गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये घालून सुमारे दोन तास रिफ्लक्स करायचे, म्हणजे वाफ थंड होऊन परत फ्लास्कमध्येच पडेल अशा रीतीने उकळायचे, थंड झाल्यावर पाण्यात ओतायचे, न विरघळणारा उपपदार्थ गाळून बाजूला टाकायचा आणि उरलेल्या नितळ द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडायचे, अशी कृती आहे. काही थेंबांपर्यंत काहीच घडत नाही. मग अचानक द्रावण दुधाळ होते आणि पांढरा साका बीकरच्या तळाशी बसू लागतो. तो बुखनर फनेलवर गाळून, धुऊन, वाळवून, त्याचे वजन जर्नलमध्ये लिहिले की प्रॅक्टिकल संपले. विलयबिंदू तेवढा बहुतेकांना पुस्तकातूनच उतरवावा लागतो, कारण तो 295 अंश सेल्सिअसच्या वर आहे आणि आमच्या द्रव पॅराफिनच्या नळीत तेवढे तापमान गाठण्याचा प्रयत्न न केलेलाच बरा.

या साक्याकडे विद्यार्थी पुन्हा वळून पाहत नाही. पुढच्या सेमिस्टरला औद्योगिक औषधनिर्माणात तो गोळ्या आणि कॅप्सूल बनवायला शिकतो, सहाव्यात जैव-औषधनिर्माणशास्त्रात औषध आतड्यातून रक्तात कसे उतरते ते शिकतो. पण हे विषय वेगळ्या प्रयोगशाळांत, वेगळे शिक्षक शिकवतात आणि त्यांची जर्नलेही वेगळी असतात. हा अभ्यासक्रम शिकताना आणि पुढे शिकवतानाही मला हीच गोष्ट खटकत आली आहे, कारण फेनिटॉइनच्या बाबतीत पुढच्या सगळ्या अडचणी चौथ्या सेमिस्टरच्या त्या बीकरमध्ये डोळ्यांसमोर घडून गेलेल्या असतात.

आधी रेणूविषयी. हाइनरिख बिल्ट्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1908 मध्ये हा पदार्थ प्रथम तयार केला आणि आपण प्रयोगशाळेत वापरतो ती पद्धत आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. तेव्हा त्याचे औषध होईल असे कोणाच्या मनात नव्हते. 1912 मध्ये फेनोबार्बिटल हे झोपेचे औषध आकडीही थांबवते असे लक्षात आले, मात्र त्याने रुग्ण दिवसभर पेंगत असे. झोप आणणे आणि आकडी थांबवणे हे दोन गुण एकमेकांना चिकटलेलेच असतात, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. अमेरिकेत बोस्टन येथे ह्यूस्टन मेरिट आणि ट्रेसी पुटनम यांनी 1930 च्या दशकात विजेच्या सौम्य झटक्याने मांजरांमध्ये आकडी आणण्याची पद्धत बसवली आणि फेनोबार्बिटलशी नाते सांगणारी अनेक संयुगे तिच्यावर तपासली. त्यांतले डायफेनिल हायडँटॉइन, म्हणजेच आपले फेनिटॉइन, आकडी रोखत होते आणि झोप मात्र फारशी आणत नव्हते. 1938 पर्यंत ते रुग्णांवर वापरले गेले होते. रोगाची प्राण्यामध्ये नक्कल करायची आणि तिच्यावर संयुगे पारखून घ्यायची, ही आज सर्वत्र रूढ असलेली रीत अपस्माराच्या औषधांना या कामातून मिळाली.

फेनोबार्बिटल आणि फेनिटॉइन यांची रचनासूत्रे शेजारीशेजारी काढली तर फरक डोळ्यांत भरतो. फेनोबार्बिटलचे वलय सहा अणूंचे आहे. त्यातला एक कार्बोनिल गट (ऑक्सिजन जोडलेला कार्बन) काढून टाकला की वलय पाच अणूंचे होते, आणि तेच हायडँटॉइन. पाचव्या स्थानावर फेनोबार्बिटलमध्ये एक फेनिल (सहा कार्बनचे बेंझीन वलय) आणि एक इथिल (दोन कार्बनचा) गट आहे, तर फेनिटॉइनमध्ये दोन्ही फेनिल. हे दोन फेनिल गट चेतापेशीच्या आवरणातल्या, सोडियम आत सोडून संदेश पुढे नेणाऱ्या मार्गिकेत बसणारा भाग ठरतात. हा रेणू वारंवार उघडझाप करणाऱ्या मार्गिकांना जास्त घट्ट धरतो, आणि आकडीच्या वेळी पेशी नेमक्या अशाच बेफाम वेगाने संदेश सोडत असतात. म्हणून नेहमीच्या कामाला फारसा धक्का न लावता तो त्या भडिमाराला आवर घालतो. रचनेतला छोटा बदल गुणधर्मात केवढा फरक पाडतो, हे शिकवायला याच्याइतके सोपे उदाहरण क्वचित सापडते.

मात्र जे दोन फेनिल गट औषधाला गुण देतात, तेच त्याला पाण्यापासून दूर ठेवतात. फेनिटॉइन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. एका लिटरमध्ये वीस-तीस मिलिग्रॅम, एवढीच त्याची मजल. त्यात वलयातला एक नायट्रोजन आपला हायड्रोजन सोडू शकतो, म्हणून हा रेणू अतिशय सौम्य आम्ल आहे आणि त्याचा पीकेए (आम्ल आपला हायड्रोजन किती सहज सोडते हे सांगणारा आकडा) सुमारे 8.3 आहे. अल्कली भरपूर असेल तर तो हायड्रोजन सोडून सोडियम क्षार बनतो आणि विरघळतो. अल्कली कमी झाली की हायड्रोजन परत घेतो आणि साका होऊन बाहेर पडतो. बीकरमध्ये आम्लाच्या थेंबांनी आपण हेच घडवून आणले होते. विद्यार्थिदशेत मी एकदा उपपदार्थ न गाळताच घाईने आम्ल ओतले होते आणि हाती आलेल्या भरघोस उत्पादनावर खूश झालो होतो. त्यात फेनिटॉइन किती आणि कचरा किती, हे तोंडी परीक्षेत विचारले गेले तेव्हा कळले.

आता हीच क्रिया पोटात पाहू. फेनिटॉइन विरघळत नाही म्हणून कॅप्सूलमध्ये त्याचा सोडियम क्षार भरतात. कॅप्सूल जठरात फुटते आणि जठरात हायड्रोक्लोरिक आम्लच असते. म्हणजे रुग्णाच्या पोटात चौथ्या सेमिस्टरचे प्रॅक्टिकल पुन्हा होते: क्षार आम्लाला भेटतो आणि त्याचा साका बनतो. फरक एवढाच की इथे साका गाळून टाकायचा नसतो; तो पुढे आतड्यात सरकून हळूहळू विरघळत रक्तात जायचा असतो. कण जितके बारीक आणि सुटे, तितके ते लवकर विरघळतात. ढेकूळ झाले तर तेच औषध वाया जाऊ शकते. कण बारीक आणि ओलसर राहतील याची काळजी घेणे हे कॅप्सूलमधल्या उरलेल्या पावडरीचे, म्हणजे सहायक घटकांचे काम आहे. पाठ्यपुस्तकात या घटकांना सर्रास निष्क्रिय म्हटलेले असते.

तो शब्द किती दिशाभूल करणारा आहे, हे ऑस्ट्रेलियात 1968 च्या सुमारास दिसले. तिथे फेनिटॉइन सोडियमच्या 100 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये भरणीसाठी कॅल्शियम सल्फेट वापरले जात असे. ते बदलून लॅक्टोज घालण्यात आले. औषध तेच, मात्रा तीच. तरीही ब्रिस्बेनमध्ये वर्षानुवर्षे सुरळीत चाललेले रुग्ण तोल जाणे, डोळ्यांची बुबुळे थरथरणे, ग्लानी अशा तक्रारी घेऊन येऊ लागले. ही फेनिटॉइनच्या विषबाधेची लक्षणे होती आणि रक्ततपासणीत पातळी वाढलेली आढळली. याचे प्रचलित स्पष्टीकरण असे की कॅल्शियमबरोबर फेनिटॉइनचे काही अंशी कमी विरघळणारे संयुग बनत होते, म्हणून जुन्या कॅप्सूलमधले औषध पूर्णपणे शोषलेच जात नव्हते. डॉक्टरांनी गुण येईपर्यंत मात्रा वाढवत नेली होती, म्हणजे ही गळती त्यांनी नकळत हिशेबात धरलेली होती. लॅक्टोज पाण्यात सहज विरघळते आणि औषधाच्या कणांपर्यंत पाणी पोहोचवते. गळती थांबली आणि हिशेब चुकला.

इथे एक प्रश्न उरतो. शोषण थोडे वाढले म्हणून माणूस एवढा आजारी का पडावा? याचे उत्तर यकृतात आहे. बहुतेक औषधांची मात्रा दीडपट केली की रक्तातली पातळीही साधारण दीडपट होते. फेनिटॉइनचे तसे नाही. यकृतातली विकरे त्याच्या एका फेनिल गटावर हायड्रॉक्सिल गट बसवून त्याला शरीराबाहेर जाण्याजोगे करतात, पण त्यांची क्षमता नेहमीच्या मात्रेलाच संपत आलेली असते. एसटी स्थानकावर एकच तिकीट खिडकी उघडी असली, तर प्रवासी जरा वाढले तरी रांग दाराबाहेर जाते. तसेच इथे होते. दिवसाला 300 मिलिग्रॅमवरून 400 वर गेल्यावर काही रुग्णांत पातळी दुपटीहून अधिक वाढू शकते. उपयोगी पातळीचा पट्टा अरुंद आहे, एका मिलिलिटर रक्तद्रवात साधारण 10 ते 20 मायक्रोग्रॅम; खाली गेली तर आकडी आणि वर गेली तर तोल जाणे. त्यामुळे फेनिटॉइनची कंपनी किंवा प्रकार डॉक्टरांना न विचारता बदलू नये, असे रुग्णांना सांगतात. मेडिकलच्या दुकानात 'तेच आहे, फक्त नाव वेगळे' असे उत्तर मिळाले तरी हे औषध त्या उत्तराला अपवाद धरावे.

लहान मुलांसाठीच्या पातळ औषधात आणखी एक मेख आहे. तिथे सोडियम क्षार नसतो. न विरघळलेले मूळ फेनिटॉइनच बारीक कणांच्या रूपात तरंगत ठेवलेले असते. कण जड असल्याने तळाशी बसतात. द्रव जितका दाट आणि कण जितके बारीक, तितके ते सावकाश बसतात, म्हणून त्यात दाटपणा आणणारे पदार्थ घालतात. पण बसणे पूर्णपणे थांबवता येत नाही. बसलेला थर हलवल्यावर मोकळा व्हावा, त्याची घट्ट वडी होऊ नये, एवढे साधणे हेच कौशल्य असते आणि प्रयोगशाळेत आम्ही उभ्या मोजपात्रांत रात्रभर ठेवलेल्या नमुन्यांचा थर दुसऱ्या दिवशी मोजतो तो त्यासाठीच. बाटली न हलवता औषध दिले तर सुरुवातीच्या चमच्यांत ते कमी आणि तळाच्या चमच्यांत जास्त जाते. शिवाय मूळ फेनिटॉइन आणि त्याचा क्षार यांचे वजन सारखे नसते. 100 मिलिग्रॅम सोडियम क्षारात 92 मिलिग्रॅमच फेनिटॉइन असते. कॅप्सूलवरून पातळ औषधावर जाताना हा आठ टक्क्यांचा फरक, वरची तिकीट खिडकी लक्षात घेता, सोडून देण्यासारखा नाही.

सगळ्यांत अवघड प्रकार इंजेक्शनचा. न थांबणाऱ्या आकडीत औषध शिरेतून द्यावे लागते, म्हणून ते विरघळलेलेच हवे. त्यासाठी द्रावणाचा सामू (पीएच) 12 च्या आसपास, म्हणजे तीव्र अल्कलीचा, ठेवतात आणि त्यात 40 टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल व 10 टक्के अल्कोहोल घालतात. असे दाहक द्रावण शिरेबाहेर गळले तर भोवतालच्या ऊतींना इजा होते. वेगाने दिले तर रक्तदाब कोसळू शकतो आणि हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून मोठ्या माणसालाही मिनिटाला 50 मिलिग्रॅमपेक्षा अधिक वेगाने देत नाहीत. ते ग्लुकोजच्या सलाइनमध्ये मिसळले तर नळीतच आपला ओळखीचा पांढरा साका दिसू लागतो.

औषधनिर्माणाची सगळी हत्यारे इथे थकली, तेव्हा तोडगा पुन्हा रसायनशास्त्राकडून आला. वलयातल्या एका नायट्रोजनवर एका छोट्या दुव्याने फॉस्फेट गट जोडला तर रेणू पाण्यात सहज विरघळतो आणि द्रावणाचा सामूही शिरेला सोसण्याजोगा राहतो. हे फॉसफेनिटॉइन, अमेरिकेत त्याला 1996 मध्ये मान्यता मिळाली. ते स्वतः आकडी थांबवत नाही. शरीरातली फॉस्फेटेज विकरे तो गट कापून काढतात, दर पंधरा मिनिटांच्या सुमारास निम्मे औषध असे मोकळे होत जाते आणि मागे उरते तेच 1908 चे फेनिटॉइन.

मात्र फॉस्फेटचे वजन आता हिशेबात येते: 75 मिलिग्रॅम फॉसफेनिटॉइन सोडियमपासून 50 मिलिग्रॅम फेनिटॉइन सोडियम मिळते. मग कुपीवर आकडा कोणता छापायचा, हा माझा तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न आहे. बहुतेक विद्यार्थी 75 म्हणतात. ज्याला आपल्या बीकरमधला साका आठवतो, तो थोडा थांबतो आणि विचारतो, 'सर, डॉक्टर मात्रा कशाच्या हिशेबाने लिहितात?' मात्रा फेनिटॉइन सोडियमच्या सममूल्यात लिहितात, आणि कुपीवरही तेच सममूल्य छापलेले असते.