टीएसएम सर्व्हरच्या डेटाबेस व्हॉल्यूमला जागा न पुरणे

आयबीएमच्या टिवोली स्टोरेज मॅनेजर म्हणजे टीएसएम या बॅकअप सॉफ्टवेअरच्या 5 व्या आवृत्तीपर्यंत सर्व्हरचा डेटाबेस त्याचा स्वतःचा असायचा आणि तो डिस्कवरच्या ठराविक साइझच्या फाइल्समध्ये राहायचा, त्यांनाच डेटाबेस व्हॉल्यूम म्हणतात. कुठल्या मशीनची कुठली फाइल कुठल्या टेपवर आहे याचा सगळा हिशोब इथेच, त्यामुळे हा डेटाबेस भरला की टेप कितीही रिकाम्या असल्या तरी रात्रीचे बॅकअप फेल जाणारच.

सगळ्यात जास्त घोळ व्हायचा तो इथे: डीएसएमएफएमटी हे फॉरमॅट करायचं टूल वापरून नवीन व्हॉल्यूम बनवला, तो सर्व्हरला जोडणारी डिफाइन डीबीव्हॉल्यूम कमांड पण दिली, तरी जागा नाही असाच एरर. कारण डिफाइन केल्यावर जागा फक्त उपलब्ध होते, डेटाबेसला ती मिळते एक्स्टेंड डीबी कमांड दिल्यावर. डेटाबेसची स्थिती दाखवणाऱ्या क्वेरी डीबी कमांडच्या आउटपुटमध्ये अव्हेलेबल स्पेस आणि असाइन्ड कपॅसिटी हे दोन कॉलम वेगवेगळे आहेत ते यासाठीच, आणि शेजारचा मॅक्सिमम एक्स्टेन्शन सांगतो की अजून किती एमबी वाढवता येईल. तिथे शून्य दिसलं तर आधी नवीन व्हॉल्यूमच लागणार.

साइझचं गणितही नीट बघावं लागतं. जागा 4 एमबीच्या तुकड्यांत वाटली जाते आणि प्रत्येक व्हॉल्यूममागे 1 एमबी ओव्हरहेडला जातो, म्हणून 501 एमबीचा व्हॉल्यूम केला तर 500 वापरता येतात पण 500 चाच केला तर 496 च, बाकीचे 3 वाया.

आता एक्स्पायर इन्व्हेंटरी चालवून जुन्या नोंदी काढल्या तर पर्सेंट युटिलाइज्ड म्हणजे वापरलेल्या जागेची टक्केवारी खाली येते पण डिस्क काही परत मिळत नाही, कारण रिकामी पानं (डेटाबेसमधले जागेचे छोटे तुकडे) डेटाबेसभर विखुरलेली असतात, रिड्यूस डीबी कमांड फक्त क्वेरी डीबीच्या मॅक्सिमम रिडक्शन कॉलममध्ये दिसतं तेवढंच कमी करू शकतं. डेटाबेस खरोखर लहान करायचा असेल तर सर्व्हर बंद ठेवून अनलोड-लोड करायचं, म्हणजे सगळा डेटा बाहेर काढून परत भरायचा, मोठ्या डेटाबेसला हे काम फार वेळ खातं, त्यामुळे बरेच अ‍ॅडमिन सरळ नवीन व्हॉल्यूम जोडून मोकळे व्हायचे, आणि रोजचे बॅकअप अडकलेले असताना तेच बरोबर आहे.

डेटाबेसमधले बदल नोंदवणाऱ्या रिकव्हरी लॉगची मर्यादा वेगळी, 13 जीबी. तो भरून सर्व्हर बसला आणि परत सुरूच होत नसेल तर सर्व्हर बंद असतानाच डीएसएमसर्व्ह एक्स्टेंड लॉग ही कमांड चालवून लॉग वाढवायचा.

2009 च्या 6.1 आवृत्तीत डेटाबेस डीबी2 या आयबीएमच्याच डेटाबेस सॉफ्टवेअरवर गेला आणि हे व्हॉल्यूम गेले, त्यांच्या जागी डिरेक्टरी आल्या. तिथे जास्त करून अर्काइव्ह लॉगची (जुन्या लॉग फाइल्स साठवायची) डिरेक्टरी भरते, ती रिकामी व्हायला डेटाबेसचा फुल बॅकअप पूर्ण व्हावा लागतो.