प्रभूची प्रार्थना कुठे संपते? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

ईस्टरआधीच्या उपवासकाळात प्रभूच्या प्रार्थनेवर, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेवर, एकेक ओळ घेऊन मनन करायची पद्धत नाशिककडे चांगली रुळली आहे. शरणपूर, नाशिकरोड, देवळाली भागातल्या गटांत 'आमची रोजची भाकर' या ओळीवर सातपूर-अंबडच्या कंपन्यांतली पाळी, कामगारकपात, घराचा हप्ता असे सगळे विषय निघतात. क्षमेच्या ओळीला वेळ कधीच पुरत नाही, कारण भावकीतले अबोले सगळ्यांच्याच घरात असतात. प्रार्थना शिकवून झाल्यावर प्रभू येशू लगेच पुढच्या दोन वचनांत फक्त याच ओळीकडे परत वळतो, हेही इथे लक्षात घ्यावे. खरी अडचण येते ती शेवटी. 'कारण की राज्य, पराक्रम व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत' ही ओळ मननाला घ्यायची की नाही? आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, ती मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात कंसात छापलेली आहे, आणि लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात तर ती नाहीच.

या प्रार्थनेतून रोजच्या जगण्यासाठी धडे घेणे ही नवी गोष्ट नाही. साधारण पहिल्या शतकाच्या अखेरीची मानली जाणारी एक शिक्षणपुस्तिका ही प्रार्थना दिवसातून तीनदा करायला सांगते. कार्थेजच्या एका बिशपने सुमारे २५२ साली हिच्यावर विवेचन लिहिले. आपण 'माझ्या पित्या' म्हणत नाही, 'आमच्या पित्या' म्हणतो, यावर त्याचा सगळा भर आहे. त्या काळी ही प्रार्थना बाप्तिस्म्याच्या तोंडावर शिकवत आणि बाहेरच्यांसमोर म्हणत नसत.

आपल्याकडे नेमके उलटे झाले. १८३२ साली एका इंग्रज मिशनने नाशिकला काम सुरू केले, शाळा निघाल्या, आणि विश्वास धरण्याच्या कितीतरी आधी मुलांच्या कानांवर ही प्रार्थना पडू लागली. १८५० च्या दशकात शहराबाहेर शरणपूर वसले. बाप्तिस्मा घेतला की घर, वाटणी, पाणवठा आणि हातचे काम एका दिवसात सुटायचे. अशा माणसांसाठी ही वस्ती होती, अनाथाश्रम होता, सुतारकाम-लोहारकामाच्या शाळा होत्या. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलेही इथे आणली गेली. त्यांतल्या अनेकांना पुढे १८७५ साली मोंबासाजवळच्या नव्या वसाहतीत नेले. १८७३ साली एका प्रसिद्ध स्कॉटिश प्रवाशाचा मध्य आफ्रिकेत मृत्यू झाला, तेव्हा त्याच्यासाठी दफनविधीची प्रार्थना वाचणारा तरुण नाशिकला शिकलेला होता.

माझ्या मते नाशिकच्या मंडळीचा या प्रार्थनेशी असलेला खरा संबंध इथे आहे. ज्यांच्याबरोबर कालपर्यंत पंगत नव्हती, त्यांच्या शेजारी उभे राहून 'आमच्या' म्हणायचे आणि भाकर मागायची तीही सगळ्यांसाठी! आज मननाच्या गटांत 'माझी नोकरी, माझा मुलगा, माझी परीक्षा' एवढेच ऐकू येते, तेव्हा शरणपूरची ही आठवण आवर्जून सांगावीशी वाटते.

आता कंसाकडे. सिनाय पर्वताच्या मठातून मिळालेले आणि व्हॅटिकनमध्ये जपलेले अशी चौथ्या शतकातली दोन ग्रीक हस्तलिखिते आहेत. दोन्हींत ही ओळ नाही. जुन्या लॅटिन परंपरेतल्या बहुतेक प्रतींतही नाही, म्हणून कॅथलिक घरांत प्रार्थना 'वाइटापासून सोडव' इथे थांबते. नंतरच्या बहुसंख्य ग्रीक प्रतींत मात्र ती आहे. तिथून ती १६ व्या शतकातल्या छापील ग्रीक नव्या करारात आली आणि १६११ च्या इंग्रजी भाषांतरातही उतरली. १८८१ च्या सुधारित इंग्रजी नव्या कराराने ती मजकुरातून काढून समासात ठेवली. पुष्कळांना तो घाव वाटला. आपल्या मराठी शास्त्राने मधली वाट धरली.

'ही ओळ मागाहून घुसडली' असे जे सर्रास म्हटले जाते, ते मला पटत नाही. वर सांगितलेल्या शिक्षणपुस्तिकेचे हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलला सापडले आणि १८८३ मध्ये छापले गेले. तिच्यातली प्रार्थना 'पराक्रम व गौरव सर्वकाळ तुझी आहेत' अशीच संपते, फक्त 'राज्य' तेवढे नाही. म्हणजे मत्तयाच्या मूळ लिखाणात ओळ नसेलही, पण विश्वासणाऱ्यांच्या तोंडी ती अगदी आरंभीपासून होती. पित्याकडे मागून झाल्यावर मंडळीने दिलेला तो जबाब आहे. नाशिकचे मिशन ज्या अँग्लिकन परंपरेतून आले, तिच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात सकाळच्या उपासनेत ही प्रार्थना दोनदा येते, पहिल्यांदा या ओळीसह आणि दुसऱ्यांदा तिच्याशिवाय. त्या पुस्तकाने दोन्ही रूपे जवळ जवळ ठेवली, भांडण लावले नाही.

१९७० च्या आसपास कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्हीकडे हालचाल झाली. कॅथलिक मिस्साच्या नव्या विधीत धर्मगुरूंच्या मधल्या प्रार्थनेनंतर लोक हीच स्तुतीची ओळ म्हणू लागले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारतातल्या सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एक झाल्या. सोयरिकी तर त्याआधीपासूनच होत होत्या. तरीही घरच्या प्रार्थनेत फरक जाणवतोच. मातीच्या वेळी अंगणात दोन्हीकडचे नातेवाईक एका सुरात म्हणत असतात, 'सोडव'पाशी अर्धे आवाज आमेन म्हणून थांबतात, उरलेले 'कारण की'ने पुढे जातात आणि मग दोघेही क्षणभर अडखळतात. काही पाळक आता सुरुवातीलाच सांगून टाकतात, 'शेवटपर्यंत म्हणू या.'

मननाला ही ओळ घ्यायची असेल, तर जुन्या करारातल्या '१ इतिहास' या पुस्तकाचा २९ वा अध्याय वाचावा. अभ्यासक तिचे मूळ तिथेच शोधतात. मंदिरासाठी लोकांनी सोने, रुपे, लोखंड आणून दिल्यावर दाविदाने केलेली ती प्रार्थना आहे. महिमा, पराक्रम, गौरव, राज्य हे सगळे देवाचे असे म्हणून तो पुढे कबूल करतो, की आम्ही तुला जे दिले ते तुझ्याच हातचे होते. भाकर मागणाऱ्या ओळीचा धडा इथे दुसऱ्या बाजूने पुरा होतो. मिळालेल्या भाकरीतून द्यायचे किती आणि कोणाला, हा प्रश्न शेवटच्या आठवड्याला घेता येतो, आणि त्यासाठी कंस काढण्याचीही गरज नाही.