पाणी लवकर शुद्ध होतं, जमीन नाही

एक लिटर ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे तेल-ग्रीस विरघळवणारं एक औद्योगिक द्रावक, किती पाणी बिघडवू शकतं, हे गणित कागदावर सहज करता येतं. लिटरभर द्रावकाचं वजन साधारण १.४६ किलो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा आहे लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे २९ कोटी लिटर. अर्थात प्रत्यक्षात ते इतकं नीट विरघळून सगळीकडे सारखं पसरत नाही. पसरलं असतं तर काम बरंच सोपं झालं असतं.

ट्रायक्लोरोइथिलीन धातूच्या भागांवरचं ग्रीस काढायला वापरलं जायचं, तर त्याचं भावंड पर्क्लोरोइथिलीन ड्राय क्लीनिंगला. दोन्ही तेलकटपणा झटक्यात काढतात, सहजी पेट घेत नाहीत आणि लवकर वाळतात. त्यामुळे विसाव्या शतकात कारखान्यांपासून लष्करी तळांपर्यंत त्यांची चलती होती. वापरून झालेलं द्रावक मागच्या मोकळ्या जागेत ओतलं तरी उडून जाईल, असा समज होता. थोडं उडतंही. बाकीचं मुरतं.

पेट्रोल जमिनीत सांडलं तर भूजलाच्या पातळीशी पोहोचून वर तरंगत राहतं. ही द्रावकं पाण्याहून जड आणि पाण्याहून पातळ, त्यामुळे ती भूजलातूनही खाली उतरत जातात, बारीक भेगांमध्ये शिरतात. चिकणमातीचा थर लागला की त्यावर साचतात आणि थराच्या उतारानं सरकतात. तो उतार भूजलाच्या प्रवाहाच्या उलट दिशेलाही असू शकतो. वाटेत वाळूच्या कणांमध्ये बारीक थेंब अडकून राहतात. जर्मन भूजलतज्ज्ञ फ्रिडरिश श्विले यांनी पारदर्शक टाक्यांत वाळू आणि काचेचे मणी भरून हा प्रवास डोळ्यांना दिसेल असा करून दाखवला, तेव्हा कुठे त्याचं खरं रूप लक्षात आलं. रसायनशास्त्राच्या हिशेबात ट्रायक्लोरोइथिलीन पाण्यात जेमतेमच विरघळतं, लिटरमध्ये ग्रॅमभराहून थोडं जास्त. पिणाऱ्याच्या हिशेबात मात्र ते मर्यादेच्या दोन लाख पटींहून अधिक झालं.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधला कॅम्प लेज्यून हा मरीन दलाचा तळ या विषयात पुन्हापुन्हा आठवावा लागतो. तिथे १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत सैनिक आणि त्यांची कुटुंबं असं पाणी पीत होती. एका वस्तीच्या विहिरींत तळाबाहेरच्या ड्राय क्लीनिंगच्या दुकानातलं पर्क्लोरोइथिलीन उतरलं होतं. दुसऱ्या पुरवठ्यात तळावरचीच गळती आणि कचरा. १९८२ मध्ये तिथल्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीन लिटरमागे १,४०० मायक्रोग्रॅमपर्यंत सापडलं. तेही वेगळ्याच तपासणीत. क्लोरीनमुळे पाण्यात तयार होणारी संयुगं मोजायची होती आणि मोजणीत भलतंच काहीतरी लुडबूड करत होतं. सर्वांत दूषित विहिरी बंद व्हायला १९८५ उजाडलं. विहिरी आळीपाळीनं चालत, त्यामुळे नळाच्या पाण्यातलं प्रमाण सतत बदलायचं. म्हणूनच एकाच नमुन्याच्या चांगल्या निकालावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. २०१२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं ट्रायक्लोरोइथिलीनला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेल्या पदार्थांत टाकलं.

दूषित विहीर सापडली की पहिलं काम ती पिण्यासाठी बंद करून पर्यायी पाणी देण्याचं. मग उपसलेलं पाणी शुद्ध करायचं, आणि हे चांगलं जमतं. ज्या गुणामुळे ही द्रावकं लोकप्रिय झाली, तो उडून जाण्याचा गुणच इथे कामी येतो. उंच मनोऱ्यात प्लॅस्टिकचे पोकळ तुकडे भरतात. वरून पाणी सोडतात, खालून पंख्यानं हवा. तुकड्यांवर पाण्याचा पातळ पापुद्रा पसरतो आणि द्रावक हवेत निघून जातं. नीट आखलेला मनोरा ९९ टक्क्यांहून अधिक द्रावक काढतो. मग ती हवा कुठे जाते, हा प्रश्न शेजाऱ्यांनी जरूर विचारावा. गरज असेल तिथे ती सक्रिय कार्बनमधून गाळून सोडतात. पाणी थेट कार्बनच्या टाक्यांतूनही नेता येतं. एकामागे एक अशा दोन टाक्या ठेवतात आणि मधल्या पाण्याची तपासणी करतात, म्हणजे पहिलीची क्षमता संपली तरी दुसरी सांभाळून घेते.

घरी पाणी उकळणं हा मात्र उपाय नव्हे. द्रावक पाण्यातून निघेल, पण बंद स्वयंपाकघराच्या हवेत जाईल. गरम पाण्याच्या शॉवरखालीही हेच घडतं.

मनोरा आणि कार्बन या दोन्ही पद्धतींना चकवणारा एक पदार्थ आहे: १,४-डायऑक्झेन. ट्रायक्लोरोइथेन या आणखी एका द्रावकात ते स्थिरकारक म्हणून घालत. ते पाण्यात पूर्ण मिसळतं, सहजी उडत नाही, कार्बनला नीट चिकटत नाही. त्याच्यासाठी पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालून अतिनील प्रकाश सोडावा लागतो. जुन्या प्रकल्पांमध्ये त्याची तपासणीच होत नसे, त्यामुळे काही ठिकाणी शुद्धीकरण सुरू झाल्यावर बऱ्याच वर्षांनी ते सापडलं.

हे सगळं उपसलेल्या पाण्याचं झालं. जमिनीखालची गोष्ट वेगळी. सुरुवातीला वाटलं, पाणी उपसत राहिलं की एक दिवस जमीनही धुऊन निघेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं १९९४ मध्ये अशा ७७ ठिकाणांचा आढावा घेतला, तेव्हा ६९ ठिकाणी उद्दिष्ट गाठलेलं नव्हतं. अडकलेले थेंब संथपणे विरघळत राहतात. शिवाय प्रदूषण दाट असताना द्रावक चिकणमातीच्या थरांत शिरून बसतं आणि बाहेरचं पाणी स्वच्छ व्हायला लागलं की उलटा प्रवास सुरू करतं. तरीही उपसा निरुपयोगी ठरत नाही. दूषित पाणी दुसऱ्या विहिरींकडे जाऊ न देणं, हे काम तो उत्तम करतो. पण ते कुंपण झालं, सफाई नव्हे.

सफाईसाठी मूळ साठ्यावरच हल्ला करावा लागतो. भूजलाच्या वरच्या कोरड्या मातीतून वाफ खेचून घेणं, द्रावकाचं विघटन करणारं परमँगनेट हे रसायन सोडणं, इलेक्ट्रोड पुरून जमीनच तापवणं, असे उपाय आहेत. तापवणं खर्चिक, पण ते चिकणमातीतही पोहोचतं. लोखंडाचा उपाय मात्र योगायोगानं हाती आला. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात नमुने घेण्याच्या साहित्याचा अभ्यास चालू असताना धातूच्या सान्निध्यात द्रावकं कमी होतात असं दिसलं. रॉबर्ट गिलहॅम यांनी तो धागा धरला. १९९१ मध्ये ऑन्टॅरियोतल्या बॉर्डन इथे भूजलाच्या वाटेवर लोखंडाचा चुरा आणि वाळूची भिंत उभारली गेली. पाणी भिंतीतून आपोआप वाहतं, लोखंड गंजता गंजता द्रावकाच्या रेणूतला क्लोरीन सोडवतं. पंप लागत नाही, वीज लागत नाही.

मला सर्वांत मोह पडतो तो जिवाणूंचा. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी डीहॅलोकॉकॉइडिस या जिवाणूचं वर्णन प्रसिद्ध केलं. आपण ऑक्सिजनवर श्वसन करतो, तसा तो क्लोरीनयुक्त द्रावकांवर करतो. एकेक क्लोरीन अणू काढत पर्क्लोरोइथिलीनचं ट्रायक्लोरोइथिलीन, मग डायक्लोरोइथिलीन, विनाइल क्लोराइड आणि शेवटी निरुपद्रवी इथीन. त्याला हायड्रोजन हवा असतो आणि ऑक्सिजन अजिबात चालत नाही. म्हणून पिण्याच्या विहिरींपासून दूर, दूषित भागात मळी किंवा वनस्पती तेल सोडतात. बाकीचे जीव ते खाताना ऑक्सिजन संपवतात आणि हायड्रोजन तयार करतात. धोका एकच: योग्य जिवाणू नसले तर गाडी विनाइल क्लोराइडवर अडकते, आणि त्याची मर्यादा आणखी कडक आहे, लिटरमागे २ मायक्रोग्रॅम. त्यामुळे ‘ट्रायक्लोरोइथिलीन घटलं’ एवढ्या अहवालावर समाधान मानू नये. इथीन किती वाढलं, हे विचारावं.

उपसा थांबवण्याआधीही अशीच परीक्षा घेतात. पंप बंद ठेवून निरीक्षण विहिरींतले आकडे काही महिने, कधी वर्षभराहून अधिक पाहत राहतात. आकडा पुन्हा चढला, तर चिकणमातीत माल शिल्लक आहे आणि पंप पुन्हा सुरू करावा लागतो.